समुद्रातला वारा आणि पाळीचा भरवसा

धुळ्याच्या माणसाने समुद्रावर मत द्यायचं म्हणजे नंदुरबारच्या मिरचीवाल्याने हापूसचा भाव सांगण्यासारखं आहे, हे मला कबूल आहे. आमच्याकडे समुद्र म्हणजे शाळेच्या सहलीत एकदा बघायची गोष्ट. तरी एक धागा आहेच. आमची तापी भुसावळ, प्रकाशा करत पुढे उकाईला अडते, सुरतला पोचते आणि खंभातच्या आखाताला मिळते. देशातला समुद्रातल्या पवनचक्क्यांचा पहिला मोठा प्रकल्प उभारायचं ठरलं तेही याच आखाताच्या तोंडाशी, गुजरातच्या पिपावाव बंदरापुढे. म्हणजे धुळ्यातून तापीला जाणाऱ्या पांझरा नदीत सोडलेला नारळ उकाईच्या धरणात अडकला नाही, तर त्या पवनचक्क्यांच्या पायाशी जाऊन लागेल. एवढ्या नात्याच्या बळावर बोलतो.

दुसरं नातं पोटापाण्याचं. अवधान एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. वेल्डिंगची चार मशीनं, दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, एक जुनी पॉवर प्रेस. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल, छडवेल, निजामपूरच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा आम्हाला टॉवरच्या पोटातलं काम मिळालं. शिडीचे ब्रॅकेट, केबल धरून ठेवणारे क्लॅम्प, मध्ये दम खायला असतात ते प्लॅटफॉर्म, कठडे. लोकांना पवनचक्की बाहेरून दिसते, मला आतून. ब्राह्मणवेलचा डोंगर पाचशे मेगावॅटच्या वर वीज देतो आणि देशातल्या मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांत त्याचं नाव घेतात. त्या पाचशेत माझे किती किलो लोखंड आहे हे मी जेवताना नातवंडांना सांगत असतो, त्यांना त्याचा कंटाळा आलेला आहे.

हे सांगायचं कारण, सध्या ‘समुद्रातल्या पवनचक्क्या देशातच बनवू’ या विषयावर परिषदांमध्ये जे बोललं जातं, त्यात वर्कशॉपवाला कुठे नसतो. बोलणं असतं ते गिगावॅटचं (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट), अनुदानाचं आणि ‘स्वदेशी वाटा’ किती टक्के याचं. माझं म्हणणं वेगळं आहे. पुरवठा साखळी अनुदानाने उभी राहत नाही आणि सक्तीनेही नाही. पुढची ऑर्डर कधी येणार हे माहीत असेल तरच ती उभी राहते. हे मी वाचून शिकलो नाही, दोनदा तोंड भाजून शिकलो.

पहिल्यांदा २०१२ साली. तोवर पवनचक्की विकत घेणाऱ्याला पहिल्याच वर्षी तिच्या किमतीच्या ८० टक्के घसारा दाखवून कर वाचवता येत असे. त्यामुळे पवनचक्क्या घेणाऱ्यांत सूतगिरणीवाले, सराफ, बिल्डर सगळे असत. वीज त्यांच्यासाठी दुय्यम, कर मुख्य. त्या वर्षी ती सवलत काढली आणि युनिटमागे मिळणारा उत्पादन प्रोत्साहन निधीही संपला. देशात वर्षाला ३,२०० मेगावॅटच्या आसपास पवनचक्क्या लागत होत्या, त्या पुढच्या वर्षी १,७०० वर आल्या. २०१४ मध्ये सवलत परत आली. पुन्हा घाई, पुन्हा ओव्हरटाइम, मी कर्ज काढून दुसरा लेथ घेतला. मग २०१७. ठरलेल्या दराऐवजी लिलाव आला. फेब्रुवारीतल्या पहिल्या लिलावात दर युनिटला ३.४६ रुपये निघाला, ऑक्टोबरपर्यंत तो २.६४ वर घसरला. ग्राहकाला स्वस्त वीज मिळाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लिलावाची घडी बसेपर्यंत राज्यांनी जुन्या दराचे करार थांबवले, नवे झाले नाहीत, आणि वर्षाला साडेपाच हजार मेगावॅट लागणाऱ्या पवनचक्क्या पुढच्या वर्षी दोन हजाराच्याही खाली आल्या.

माझ्याकडे त्या दिवाळीत शिडीचे चौदाशे ब्रॅकेट गॅल्वनाइझ होऊन, म्हणजे जस्त चढून, तयार पडले होते. ज्या पार्टीचा माल होता तिच्याकडून दर आठवड्याला एकच वाक्य ऐकू यायचं: ‘शेठ, बिल पास झालंय, फक्त सही राहिलीय.’ ती सही अकरा महिने राहिली. निम्मे पैसे आले, निम्म्यांच्या बदल्यात ‘पुढच्या ऑर्डरमध्ये बघू’ आलं. पाच वेल्डरपैकी तिघांना मी स्वतः सांगितलं की बाबांनो, दुसरं बघा. त्यातला एक, माझ्याकडे आडवी-उभी कुठलीही शिलाई डोळे झाकून मारणारा, आज शाळेची व्हॅन चालवतो. त्याच्या हातातलं कौशल्य कुठल्याही योजनेत परत आणता येणार नाही. ब्रॅकेट शेवटी भंगारात गेले. एक ठेवून घेतला, शटर वाऱ्याने आदळू नये म्हणून त्याच्याशी अडकवतो.

आता पांझरेकडे वळतो, कारण या सगळ्याचं उत्तर आमच्या नदीकाठी काही शतकं आहे. फड पद्धत. नदीवर बंधारे, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन साधारण चार फडांत वाटलेली. कुठल्या फडात यंदा ऊस, कुठल्यात बाजरी-गहू, कुठला मोकळा, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि दरवर्षी फिरवायचं. पाटकरी पाळीप्रमाणे पाणी सोडतो. या पद्धतीतली खरी गोम पाण्यात नाही. पाणी कमी असलं तर सगळ्यांनाच कमी मिळतं. गोम पाळीत आहे. माझी पाळी कधी येणार हे मला माहीत आहे, म्हणून मी बियाणं घेतो, बांध घालतो, सालदार ठेवतो. विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीला खानदेशात होते, पांझरेवर सायफनचं काम त्यांनी केलं. इथले शेतकरी पाणी कसं वाटून घेतात हे त्यांनीही बघितलं असणार. पाणी भरपूर आणि पाळी बेभरवशाची, अशी शेती कोणी करत नाही. कारखाना तरी का करील?

समुद्रातल्या पवनऊर्जेची आपल्याकडची पाळी कशी आली ते बघा. राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये निघालं. २०१७ मध्ये खंभातच्या आखातात लायडार, म्हणजे लेझरने वारा मोजणारं यंत्र, बसलं. २०१८ मध्ये लक्ष्य जाहीर झालं: २०२२ पर्यंत ५ गिगावॅट, २०३० पर्यंत ३०. २०२२ आलं नि गेलं, समुद्रात एक पातं फिरलं नाही. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटींची तफावत निधी योजना, म्हणजे खर्च आणि परवडणारा दर यांतली तूट भरून काढणारी योजना, मंजूर केली. गुजरात आणि तमिळनाडूपुढे प्रत्येकी ५०० मेगावॅट, वर दोन बंदरांच्या सुधारणेला ६०० कोटी. निविदा निघाल्या, मुदती वाढत गेल्या आणि २०२५ मध्ये त्या मागे घेण्यात आल्या. कागदावर गिगावॅट, समुद्रात शून्य.

यावर नेहमीची प्रतिक्रिया ही की अनुदान कमी पडलं, ते वाढवा. थोडा हिशेब करू. समुद्रातली आजची मोठी पवनचक्की १५ मेगावॅटची. ५०० मेगावॅट म्हणजे अशा तेहेतीस-चौतीस, म्हणजे शंभर पाती. पात्याचा एक साचा धरा, आठवड्याला त्यातून दोन पाती निघतात असं धरा. वर्षभरात काम संपलं. पुढे? एवढ्या मोठ्या पात्याचा कारखाना म्हणजे बंदराला लागून शेकडो एकर जागा, क्रेन, साचे, शेकडो प्रशिक्षित हात. वर्षभराच्या कामासाठी तो कोण घालील? अनुदान दुप्पट केलं तरी घालणार नाही. जहाजात भरून पाती आणेल, लावेल, जाईल. आणि मग आपण म्हणू, विदेशी कंपन्या इथे कारखाना काढत नाहीत.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. ३० गिगावॅट विसरा. दरवर्षी ५०० मेगावॅट, दहा वर्षं, न चुकता, ठरलेल्या महिन्यात लिलाव. बस. एक साचा दहा वर्षं गरम राहील एवढंच काम. दहा वर्षांत ५ गिगावॅट होतील, म्हणजे २०२२ पर्यंत होणार होते तेवढेच. आणि हे जमणार नसेल तर सरळ ‘आम्हाला समुद्रात जायचं नाही’ असं सांगून टाका. त्यातही अब्रू आहे. आशेवर टांगलेला कारखानदार हा कर्जबाजारी कारखानदार असतो.

युरोपात हे घडलेलं आहे. डेन्मार्कने १९९१ साली विंडेबीला समुद्रात पहिल्या अकरा पवनचक्क्या लावल्या, सगळ्या मिळून ५ मेगावॅट. आज एका पवनचक्कीची ताकद त्याच्या तिप्पट आहे. तिथून इथवर युरोप पायरी-पायरीने आला. ब्रिटनमध्ये हल बंदरात पात्यांचा कारखाना २०१६ मध्ये सुरू झाला, कारण समोरच्या समुद्रात एकामागून एक प्रकल्प रांगेत होते. त्याच ब्रिटनने २०२३ च्या लिलावात कमाल दर इतका कमी ठेवला की समुद्री पवनऊर्जेची एकही बोली आली नाही. पुढच्या वर्षी दर वाढवावा लागला, मग बोल्या आल्या. एक वर्ष पाळी चुकली तर त्यांनाही घाम फुटला.

तैवानने दुसरा रस्ता धरला, सक्तीचा. अमुक भाग इथलेच हवेत अशी यादीच काढली. मागणी होती, तंत्रज्ञ होते, तरी खर्च वाढला, प्रकल्प रेंगाळले आणि २०२४ मध्ये युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेकडे गेला. तैवानला अटी सैल कराव्या लागल्या. आपल्याकडे जमिनीवरच्या पवनचक्क्यांसाठी २०२५ मध्ये सरकारने पाती, टॉवर, गिअरबॉक्स, जनरेटर आणि खास बेअरिंग मंजूर यादीतलंच वापरायचं ठरवलं. ते मला योग्य वाटतं. कारण जमिनीवर आपला धंदा पंचवीस-तीस वर्षं मुरलेला आहे, ७०-८० टक्के भाग इथेच होतात. मुरलेल्या धंद्याला कुंपण घालता येतं. समुद्रात अजून रोपच नाही, तिथे कुंपणाची भाषा आधी कशाला?

एक प्रश्न मला धुळ्यात नेहमी विचारतात: समुद्रातलं काम समुद्राकाठी होणार, आपल्याला त्यात काय? प्रश्न रास्त आहे. सुरत महामार्गावर कोंडाईबारीच्या घाटात पातं नेणारा ट्रेलर ज्याने बघितला आहे त्याला याचं निम्मं उत्तर माहीत आहे. मी एका पहाटे दहिवेलच्या पुढे दोन तास अडकलो होतो. साठ-पासष्ट मीटरचं पातं, पुढे पायलट गाडी, मागे चालत येणारी माणसं, हातात बांबू, विजेच्या तारा वर उचलायला. वळणावर ट्रेलरचं मागचं चाक खडीत उतरलं. मागच्या चाकांना वेगळं स्टिअरिंग असतं. ते चालवणारा पोरगा खाली उतरला, वाकून बघितलं, तंबाखू मळली आणि पुन्हा वर चढला. इंच-इंच करत त्याने ते पातं डोंगराच्या कडेवरून फिरवलं. समोरच्या टपरीवर सगळे ड्रायव्हर चहा घेत उभे होते, कोणी हॉर्न मारला नाही. हे साठ मीटरचं. समुद्रातलं पातं ११५ मीटरचं असतं. ते कोंडाईबारीतून सोडा, कुठल्याच घाटातून जाणार नाही. समुद्रतळात ठोकायचा पोलादी खांब आठ-दहा मीटर व्यासाचा आणि हजार-दोन हजार टनांचा. ही कामं बंदरावरच व्हायची. त्यात धुळ्याने नाक खुपसू नये.

आणि त्यांची काळजी वाटते तेवढी करायचीही गरज नाही. मुंबई हायचं तेल १९७४ मध्ये लागलं. पुढे समुद्रात उभ्या राहणाऱ्या तेलविहिरींचे पोलादी सांगाडे आपल्या देशात बनू लागले. माझगाव डॉकने बनवले, सुरतजवळच्या हझिऱ्यात बनतात. समुद्री पवन प्रकल्पाच्या खर्चात खुद्द टर्बाइनचा वाटा ढोबळमानाने तिसऱ्या हिश्श्याच्या थोडा वर. बाकी पाया, केबल, उपकेंद्र, जहाजं आणि बसवण्याचं काम. म्हणजे खर्चाचा मोठा भाग अशा कामांचा आहे ज्यांच्या जवळची कामं आपण कित्येक दशकं करतो आहोत. सगळी चर्चा मात्र फिरत्या पंख्याची. लग्नात सगळ्यांचं लक्ष नवरदेवाच्या घोडीकडे, स्वयंपाकघरात पीठ आहे की नाही हे आचाऱ्यालाच माहीत.

आमचं काम त्या स्वयंपाकघरातलं. त्या महाकाय खांबाला आणि टॉवरला जे लटकवलेलं असतं ते: बोट लावायची जागा, शिड्या, कठडे, जाळीचे प्लॅटफॉर्म, केबलचे ट्रे, दरवाजे, क्लॅम्प, हुक. याला दुय्यम पोलादकाम म्हणतात. हे हजारो तुकडे ट्रकमध्ये मावतात, यात यंत्रापेक्षा माणसाचा हात जास्त लागतो, आणि नवापूर मार्गे हझिऱ्याला ते एका रात्रीत पोचतात. धुळे, नरडाणा, जळगाव, भुसावळच्या वर्कशॉपना हे आज जमतं. जवळजवळ जमतं, असं म्हणतो, कारण मध्ये तीन भिंती आहेत आणि त्या पैशांपेक्षा वेगळ्या आहेत.

पहिली भिंत मिठाची. डोंगरावरच्या टॉवरमधल्या ब्रॅकेटला ८५ मायक्रॉन जस्त चढवलं की पंचवीस वर्षांची काळजी मिटते. समुद्रात लाटा जिथे आदळतात त्या पट्ट्यात तेवढं जस्त काही वर्षांत खलास. तिथे थरावर थर, रंगाची वेगळी पद्धत, वेल्डच्या कडा गोल घासलेल्या, कारण धारदार कडेवर रंग टिकत नाही. आमचे पोरं कडा घासत नाहीत. जमिनीवर कोणी मागितलंच नाही. शिवाय माझा माल गॅल्वनायझिंगला दोनशे किलोमीटर जातो नि परत येतो. दुसरी भिंत बोल्टची. जास्त ताकदीचा, १०.९ ग्रेडचा बोल्ट जस्त चढवण्याआधी अ‍ॅसिडमध्ये नीट न सांभाळता बुडवला, तर हायड्रोजन धातूत शिरतो. बोल्ट बाहेरून ठणठणीत. आवळला तरी ठीक. आणि दोन-तीन दिवसांनी, वर काही भार वाढलेला नसताना, टकन तुटतो. जमिनीवर माणूस चढून बदलतो. समुद्रात त्या एका बोल्टसाठी बोट, हवामान आणि परवानगी लागते. तिसरी भिंत कागदाची आणि तीच सगळ्यात उंच. आमच्याकडे पोलादाचं ३.१ सर्टिफिकेट चालतं, ज्यावर कारखान्याच्या स्वतःच्या तपासनीसाची सही असते. समुद्री कामाला बऱ्याच ठिकाणी ३.२ लागतं, म्हणजे बाहेरच्या त्रयस्थ निरीक्षकाचीही सही. कुठल्या प्लेटमधून कुठला ब्रॅकेट कापला, कोणी वेल्ड केला, कुठल्या बॅचची वायर वापरली, हे वीस वर्षांनी विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. माझ्याकडे आजही खडूने लिहिलेलं असतं. पाऊस आला की जातं.

या भिंती एकट्या वर्कशॉपवाल्याला चढता येणार नाहीत. त्यासाठी प्रत्येकाला अनुदानाचा चेकही नको. बारा मीटर लांबीची एक सामाईक गॅल्वनायझिंग टाकी, मिठाच्या फवाऱ्याची चाचणी करणारी एक खोली, वेल्डरची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी एक सोय आणि ३.२ साठी महिन्यातून ठरल्या दिवशी येणारा निरीक्षक, ज्याचा खर्च दहा-बारा वर्कशॉप मिळून उचलतील. फडासारखंच. पाटाचा खर्च सगळ्यांचा, शेत ज्याचं त्याचं.

जळगावकडे अजून एक गोष्ट आहे. तिथे पीव्हीसीच्या पाइपांपासून चटयांपर्यंत प्लास्टिक पेलणारे हात दोन पिढ्यांचे आहेत. पवनचक्कीचं पातं आतून बरंचसं पोकळ असतं, पण त्याची भिंत नुसती काचतंतूची नसते. काचतंतूच्या दोन थरांमध्ये हलका गाभा असतो. तो बाल्सा नावाच्या लाकडाचा, नाहीतर पीव्हीसी किंवा पीईटीच्या फोमचा. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरहून येतं. २०२० मध्ये चीनमध्ये पवनचक्क्यांची घाई झाली तेव्हा त्याचे भाव असे चढले की इक्वेडोरच्या जंगलात लोकांनी कुऱ्हाडी घातल्या. तेव्हापासून जगभर पातं बनवणारे फोमकडे वळले आहेत. पाइपवाला उद्या सकाळी फोम बनवेल असं मी म्हणत नाही, ते वेगळं रसायन आहे. पण राळ, साचा, तापमान, एक्सट्रूडर ही भाषा ज्याला घरात येते, तो परीक्षेला अर्धा तयार असतो. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तूप काढायला सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली. फक्त ती वाढायला बंगळुरूला गेली. आमच्याकडे रोप चांगलं उगवतं, झाड दुसरीकडे वाढतं, ही आमची जुनी सल आहे.

चुंबकांबद्दल थोडक्यात. मोठ्या समुद्री टर्बाइनच्या जनरेटरमध्ये निओडिमियमचे कायमचे चुंबक असतात आणि त्या दुर्मिळ धातूंचं शुद्धीकरण जवळजवळ सगळं चीनच्या हातात आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यातीवर नियंत्रणं घातली तेव्हा आपल्या वाहन कारखान्यांची झोप उडाली. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये अशा चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. ठीक आहे. पण ते वर्कशॉपचं काम नाही, त्यावर मी शहाणपण शिकवणार नाही.

वाऱ्यावर मात्र बोलेन. पिपावावपुढे लायडारने मोजलेला वारा सेकंदाला सरासरी साडेसात मीटरच्या आसपास आहे. युरोपातल्या उत्तर समुद्रात (नॉर्थ सी) तो साडेनऊ-दहा. फरक थोडा वाटतो, पण वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. साडेसात आणि दहा यांचे घन काढून बघा: आपल्या वाऱ्यात ताकद त्यांच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय मे २०२१ मध्ये तौक्तेसारखं चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. म्हणजे आपल्याला हवी मंद वाऱ्यात चालणारी, लांब पात्यांची आणि तरी वादळात न मोडणारी पवनचक्की. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक जगातल्या मोठ्या फरकांपैकी एक आणि तळाला मऊ चिखल. उत्तर समुद्रासाठी बनवलेलं यंत्र इथे आणून टाकणं म्हणजे येवल्याची पैठणी नेसून वावरात खुरपायला जाणं. स्वदेशी बनवायचं खरं कारण हे आहे. नुसती बचत किंवा अभिमान यापेक्षा ते मोठं आहे: आपल्या समुद्राला लागणारं यंत्र दुसरं कोणी बनवणार नाही, कारण त्यांचा बाजार दुसरीकडे आहे.

यावर हिशेबी माणूस विचारेल, आणि त्याने विचारावंच: सौर वीज अडीच रुपयांच्या आसपास मिळत असताना महागडा समुद्र कशाला? माझं प्रामाणिक उत्तर असं की आज नको, स्वस्त वीज म्हणून तर नकोच. साक्रीच्या माळावर सौर प्रकल्पही आहे, पवनचक्क्याही आहेत; जमिनीवर अजून खूप जागा आहे असं कागदावर दिसतं. पण ती जागा कोणाची, हे आमच्या डोंगरात राहणाऱ्यांना विचारा. वनजमिनीवर पवनचक्क्या आल्या तेव्हा भिल्ल, कोकणी या आदिवासी कुटुंबांनी हक्कासाठी मोर्चे काढले. रस्ते रुंद झाले, गावात वॉचमनच्या चार नोकऱ्या आल्या. मधल्या दुष्काळी वर्षांत ‘पवनचक्क्या ढग पळवतात’ ही अफवा घराघरात पसरली, तेव्हा इंजिनिअर हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. डोंगर माझा, वारा माझा, मला काय मिळालं, हा प्रश्न लोक ढगाच्या तोंडून विचारत होते. आमच्या अहिराणीत सरळ म्हणतात, ‘वारा आमना, पैसा त्यासना.’ जमिनीचा हा भांडणाचा हिशेब युनिटच्या दरात कुठेच दिसत नाही.

साक्रीतल्या जुन्या यंत्रांकडेच मी समुद्राची तयारी म्हणून बघतो. तिथल्या पहिल्या पिढीच्या पवनचक्क्या सव्वा मेगावॅटच्या आसपासच्या, आता वयात आलेल्या. जुन्या काढून त्याच जागी मोठ्या लावण्याचं केंद्राचं धोरण २०२३ मध्ये नव्याने आलं. काम मात्र सरकत नाही, कारण एकेका डोंगरावर मालक अनेक, जुने वीजकरार अर्धे शिल्लक, वाहिनी जुनी. राज्याने हे गुंते सोडवले तर नवी एकही वनजमीन न घेता त्याच कड्यांवर कमी यंत्रांत जास्त वीज होईल. आणि समुद्राची पाळी येईपर्यंत मधली आठ-दहा वर्षं वर्कशॉपच्या चुली पेटत्या राहतील. जुनं पातं कापायचं कसं, त्याच्या काचतंतूचं करायचं काय, हेही इथेच शिकता येईल. समुद्रातली पाती पंचवीस वर्षांनी किनाऱ्यावर येणारच आहेत. पाळी न चुकवणारा लिलाव, सामाईक टाकी आणि साक्रीचं नूतनीकरण, या तीन गोष्टी मला एकाच कामाचे भाग वाटतात. पहिली दिल्लीच्या हातात, बाकी दोन मुंबईच्या. आमच्या खासदार-आमदारांनी धुळ्याला ‘टर्बाइनचा कारखाना’ मागायचं सोडून ही टाकी मागितली तर मी स्वतः त्यांच्या सभेला सतरंज्या उचलीन.

निजामपूरकडचा एक पोरगा आहे. आयटीआय फिटर, वडील डोंगरावर वॉचमन. पवनचक्कीच्या पात्यावर दोरीने लटकून दुरुस्ती करतो. शंभर मीटरवर, वारा थांबला की खाली-वर होत, पात्याला गेलेला तडा घासायचा, काचतंतूचे थर द्यायचे, राळ भरायची, आणि राळ वाळेपर्यंत लटकून राहायचं. तमिळनाडूत असतो, वर्षातले दहा महिने. कानबाईच्या उत्सवाला गावी येतो आणि जाता-येता माझ्या शॉपवर टेकतो. दोन वर्षांपूर्वी मी त्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं की गुजरातच्या समुद्रात काम निघतंय, तुझ्यासारखे हात लागतील, पोहायला शीक. तो खरंच शिकला. बोटीवरून टॉवरवर चढायचं आणि बुडणाऱ्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायचं प्रशिक्षण असतं, त्याची फी भरायला पैसेही साठवायला लागला.

या श्रावणात आला तेव्हा शटरला अडकवलेला तो ब्रॅकेट हातात घेऊन बघत होता. म्हणाला, ‘काका, त्या समुद्रना कामनं काय झायं?’ मी म्हटलं, निविदा मागे घेतली, पुन्हा निघेल. तो काही बोलला नाही. ब्रॅकेटच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, ही कड घासायला पाहिजे होती. मग चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला.